पावाचं पीठ मळायला स्टँड मिक्सर घ्यावा का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेहकरजवळच्या खेड्यात राहता, आठवड्यातून दोनदा घरी पाव करता, मळून मळून मनगट धरतं, नऊ हजारांचा एक स्टँड मिक्सर (भांड्यात आकडा फिरवून पीठ मळणारं मशीन) पाहून ठेवलाय, आणि त्यातच रोजची कणीकही भिजवता येईल का?

पावासाठी घ्या. कणकेसाठी घेऊ नका. चार माणसांच्या पोळ्यांची कणीक त्या भांड्याच्या तळाशीच बसते, आकड्याला लागतच नाही. आणि भांडं, आकडा धुण्यात जो वेळ जातो त्यात परातीत कणीक भिजवून झाकूनही होते.

मी दर्यापूर तालुक्यातला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गावात पाव यायचा बंद झाला, पोरांनी जीव खाल्ला, तेव्हा हे खूळ लागलं. पहिलं वर्षभर हातानंच मळलं. मग मशीन आणलं. आई म्हणाली, "काहून रे, देवानं दोन हात देले ना तुले? अन् लाईन गेली तं काय करशीन?" पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसऱ्याचं उत्तर सापडायला दोन उन्हाळे गेले.

आधी एक सांगतो. मळण्याचं अर्धं काम पाणीच करतं. मैद्याला पाणी लागलं की त्यातली प्रथिनं आपसूक एकमेकांत गुंतायला लागतात, त्यालाच ग्लुटेन म्हणतात. म्हणून ५०० ग्रॅम मैदा आणि ३२० मिली पाणी नुसतं कालवून २०-३० मिनिटं झाकून ठेवा. मग ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९-१० ग्रॅम मीठ घालून मशीन लावा, आणि तेल किंवा लोणी अगदी शेवटी. आधीच तेल घातलं तर ग्लुटेनची जाळी धरायला उशीर लागतो. असं केलं तर माझ्याकडे सहा-आठ मिनिटांत पीठ तयार होतं.

तयार झालं हे घड्याळ सांगत नाही. नागपूरकडे लंबी रोटी करणाऱ्या बाया पाहिल्या असतील तुम्ही. पीठ इतकं सैल की दुसऱ्याच्या हातून गळून जाईल, पण आपटून आपटून त्याला अशी ताण आणतात की ते हातावर रुमालासारखं लांबतं आणि मडक्यावर पडेपर्यंत फाटत नाही. तेच पाहायचं. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला तर बस. फाटला तर आणखी दोन मिनिटं. गव्हाच्या पिठाचा ब्रेड करत असाल तर एवढा पडदा येणार नाही, कोंडा जाळी कापतो. त्यात जीव काढू नका. त्या पिठाला पाणी मात्र मैद्यापेक्षा जास्त लागतं.

स्पीड पहिला किंवा दुसरा, त्याच्या वर कधीच नाही. वरचे स्पीड केकसाठी आणि अंडी फेटायला आहेत. पीठ आकड्यावर चढून बसलं तर मशीन बंद करून खाली ढकला, चालू असताना बोट घालू नका. आणि मशीन ओट्यावर एकटं सोडून जाऊ नका, ते चालतं. खरंच चालतं. अमेरिकेतल्या होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या इंजिनिअरनं १९०८ साली एका बेकरीवाल्याला हातानं पीठ ढवळताना पाहिलं, त्यातून हे यंत्र निघालं. घरगुती मॉडेल १९१९ मध्ये आलं तेव्हा त्याचं वजन ३० किलोच्या आसपास होतं. आताची स्वस्तातली मशीनं हलकी असतात, गोळा आपटला की सरकतात. खाली ओलं फडकं घाला.

खोक्यावरच्या वॅटला भुलू नका. ती संख्या मशीन वीज किती ओढतं ते सांगते, पीठ किती ओढतं ते नाही. आतला गिअर लोखंडी आहे की प्लॅस्टिकचा, ते विचारा. हे मी पैसे घालवून शिकलो. शेतात रोडग्यांचा बेत होता, वीस माणसं, तेव्हा मोठ्या ऐटीत दोन किलो जाडसर, घट्ट पीठ भांड्यात कोंबलं. चार मिनिटांत जळका वास, मग खर्रखर्र, मग आकडा थांबला आणि मोटर मात्र फिरतेय. गिअरचे दात गेले होते. तो सुटा भाग अमरावतीला यायला तीन आठवडे लागले. रोडगे आईनं आणि काकूनं मळले, अन् वांग्याच्या भाजीपेक्षा माझीच चर्चा जास्त झाली. तेव्हा पाच लिटरच्या भांड्यात एका वेळी ५०० ते ७०० ग्रॅम मैदा, आणि दोन घाण्यांमध्ये मोटर थंड होऊ द्यायची. सलग किती मिनिटं चालवायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पाळा.

आता आपल्याकडची खरी अडचण, ऊन. पीठ मळून झाल्यावर २५-२६ अंशांना असलेलं बरं, आणि मशीन घर्षणानं ते हातापेक्षा जास्त तापवतं. बेकरीवाले एक साधं गणित करतात. हवं ते तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं, पिठाचं आणि घर्षणाचं (घरगुती मशीनला मी १२ धरतो) वजा करायचं. उरेल तेवढ्या अंशाचं पाणी घ्यायचं. मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात ४०, डब्यातला मैदा ३८. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, त्यातून हे दोन गेले की उरलं शून्य, आणि घर्षण अजून बाकीच आहे! म्हणजे बर्फाचं पाणीही पुरत नाही. त्यावर उपाय सोपा आहे, मैदा आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. मैदा ८ अंशांवर आला की पाणी १८ अंशांचं चालतं, फ्रिजमधल्या पाण्यात माठातलं मिसळलं की झालं. यीस्टही तेव्हा निम्मं करा, नाहीतर तासाभरात पीठ आंबून दारूचा वास येतो.

आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं पाव नीट फुगत नव्हता, आता कॅनचं पाणी घेतो. तुमच्याकडचं पाणी गोडं असेल तर हा ताप नाही.

आणि लाईन गेली तर? पहिल्यांदा मशीनचं बटण बंद करा. लाईन आली की ते आपोआप सुरू होऊ शकतं आणि समोर जे असेल ते भिंतीवर. मग पीठ झाकून ठेवा, दर अर्ध्या तासानं ओल्या हातानं चारही बाजूंनी ताणून घडी घाला. अशा तीन-चार घड्यांत पडदा येतो, मशीन लागत नाही. दुखऱ्या मनगटालाही हे झेपेल, हवं तर मिक्सर घेण्याआधी महिनाभर असंच करून पाहा.

तुम्ही पाहिलेल्या मशीनचं भांडं किती लिटरचं आहे ते लिहिलं नाही. साडेतीनचं असेल तर दोनदा पाव करणाऱ्या घराला ते लहान पडेल.