चादरींच्या फोटोंसाठी 17,700 चा कॅमेरा घ्यावा का?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात घरूनच तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर चादरी विकता. फोटोतला रंग एक आणि हातात पडलेला दुसरा, म्हणून महिन्याला 5 पार्सलं परत येतात. भाचा म्हणतो, 17,700 चा चपटा डिजिटल कॅमेरा घे, 20 मेगापिक्सेल आहे, 8 पट झूम आहे. पण घेतलेल्यांनी त्याला ठेवलेली नावं वाचून तुम्ही थबकलात. पुढच्या महिन्यात भिशीचे 20,000 मिळणार आहेत, ते यात घालावेत का?

मी आत्ता घालणार नाही.

लोकांची सगळीच टीका तुमच्या कामाची नाही. बॉडी प्लॅस्टिकची आहे, व्हिडिओ जुनाट येतो, हे सोडून द्या. तुम्हाला चादर दाखवायची आहे. पण 'कमी उजेडात फोटो दाणेदार येतो' ही तक्रार खरी आहे आणि नेमकी तुमच्या दुखण्यावरची आहे. असल्या स्वस्त कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा जेमतेम 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा असतो, शेंगदाण्याच्या पाकळीहूनही लहान. त्यात 20 मेगापिक्सेल, म्हणजे 2 कोटी ठिपके कोंबले की एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेड तो किती येणार? झूम केलं की लेन्स आणखीच कमी उजेड आत घेते. आजच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो.

तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी शेजारीशेजारी ठेवून पाहिले. मयूरपंखी चादर तीच. ट्यूबलाइटखाली तिचा मरून रंग विटकरी दिसतो आणि पिसाऱ्याची हिरवी कड चक्क काळी. गच्चीवरच्या फोटोत दोन्ही रंग जागच्या जागी आहेत, कोपऱ्यातली वीणसुद्धा दिसते. फोन दोन्ही वेळी तुमचाच होता, ताई.

आता हिशेब. मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि फोटो फोनवर घ्यायला कार्ड रीडर धरला की आकडा 20,000 च्या घरात जातो, म्हणजे अख्खी भिशी. परत आलेल्या पार्सलामागे जाण्यायेण्याचे 110 आणि बुडालेला नफा 60, असं तुम्हीच लिहिलंय. पाचांचे झाले 850. कॅमेरा आल्यापासून एकही पार्सल परत आलं नाही असं धरलं, तरी पैसे वसूल व्हायला जवळजवळ 2 वर्षं. तोवर तो धड चालेल का? माझ्या कपाटात असाच एक चपटा कॅमेरा पडून आहे. चालू केला की लेन्स बाहेर येते, कुरकुरते आणि परत आत जाते. आत धूळ गेली, दुसरं काही नाही. आणि धुळीत आपलं गाव कुणाला हार जाणार नाही! दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो पुन्हा कपाटात ठेवला. 2010 मध्ये जपानी कंपन्यांनी 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, 2023 मध्ये 80 लाखसुद्धा नाहीत. अशा धंद्यात जुन्या मॉडेलची बॅटरी शोधत फिरावं लागतं.

दुकानदार 'बिनव्याजी हप्ता' म्हणेल. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी विचारा. तुमच्या यजमानांचा यंत्रमागावरचा पगार आठवड्याचा, त्यात मंदीत माग बंद राहतात. भिशीचे पैसे बँकेतच बरे.

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय, 'गड्ड्याला नंदीध्वजांचे फोटोही निघतील.' गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, नंदीध्वज म्हणजे तिथे मिरवतात त्या उंच सजवलेल्या काठ्या. मला वाटतं, खरी ओढ तिथे आहे. आणि गंमत म्हणजे तिथे हा कॅमेरा उपयोगी आहे: भर उन्हातली मिरवणूक, गर्दीमुळे पुढे जाता येत नाही, तिथे खरा झूम फोनच्या ओढूनताणून केलेल्या झूमपेक्षा चांगला. हौस म्हणून जरूर घ्या, पण वेगळे पैसे साठवून. धंद्याच्या वहीत तो खर्च लिहू नका.

सध्या थर्मोकोलचे दोन पांढरे तक्ते आणा. सकाळी खिडकीपाशी चादर पसरा, ट्यूबलाइट बंद, तक्ते सावलीच्या बाजूला उभे करा, म्हणजे उजेड उलटून चादरीवर पडेल. दोन महिने परत आलेली पार्सलं वहीत मांडा.

तरीही रंगाची तक्रार राहिली, तर तीच मरून चादर घेऊन नवी पेठेतल्या दुकानात जा. काउंटरवरच्या झगझगीत दिव्याखाली नको, आतल्या कोपऱ्यात पूर्ण झूम करून फोटो काढा आणि आपल्या फोनवर घेऊन पाहा. तुमचा जीएसटी नंबर असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या कर योजनेत) नसाल, तर बिल धंद्याच्या नावाने मागा. 17,700 मधले 2,700 कराचे आहेत, ते तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळते करता येतील.