आधी बोल्टखालचा पत्रा बघा

‘स्टॅटिकमध्ये (स्थिर भाराच्या गणितात) फॅक्टर ऑफ सेफ्टी ४ येतोय, म्हणजे ताकद गरजेच्या चौपट, तरी जनरेटरवरचा फिल्टर ब्रॅकेट साठ तासांत तडकला’ हे तुमचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. भोसरीत असताना हेच लोढणं माझ्या गळ्यात होतं.

सॉफ्टवेअरमधलं मेश (भागाचे पाडलेले बारीक तुकडे), मटेरियल तुम्ही नीट केलं असणारच, ते सोडतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा फायर होतं, म्हणजे ५० हर्ट्झ. माझ्या मोडल अ‍ॅनालिसिसमध्ये (भाग स्वतःहून किती हर्ट्झला थरथरतो, ते काढणारं गणित) पहिली फ्रिक्वेन्सी ७८ आली. हे दोन आकडे जवळ आले की हादरा वाढतो. म्हटलं, लांब आहे, सुटलो.

घोळ असा, की बोल्टची भोकं मी सरळ फिक्स केली होती, म्हणजे जराही हलत नाहीत असं धरलं होतं. ब्रॅकेट ज्या पत्र्यावर बसतो त्याचं मॉडेल ग्राहकाच्या डिझाइन ऑफिसकडे मागितलं, तर दीड महिना एकच पालुपद: ‘गोपनीय आहे, वरून मंजुरी लागेल.’ अहो, नुसती जाडी आणि रिबा (पत्र्याला ताठ करणाऱ्या पट्ट्या) कुठे आहेत एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं! शेवटी कंटाळून फिक्स. सॉफ्टवेअरला काय, भोकं काँक्रीटमध्ये गाडली म्हणा, ते मान डोलावतं.

तडकल्यावर तर मी कहरच केला. जाडी ३ वरून ५ मिमी केली. मग तडा ब्रॅकेट सोडून त्यांच्या पत्र्याला गेला, आणि बिल आमच्या नावावर फाटलं.

अखेर जागेवर बसवलेल्या जुन्या ३ मिमीच्या ब्रॅकेटवर हॅमर टेस्ट केली, म्हणजे हातोडीने ठोकून तो किती हर्ट्झला थरथरतो ते मोजलं. अर्ध्या दिवसाचं काम. निघाले ५२ हर्ट्झ, कारण खालचा पत्राच लवत होता. डॅम्पिंग (थरथर शमवण्याची क्षमता) २ टक्के धरा: ७८ ला हादरा पावणेदोन पट वाढतो, ५२ ला जवळजवळ बारा पट. तिथे तुमचा ४ कुठे पुरणार? आम्ही फिल्टरला खालून दुसरा आधार दिला आणि मुद्दाम ७५ च्या आसपास थांबलो, कारण पुढे १०० ला दुसरी हार्मोनिक, म्हणजे फायरिंगच्या ५० ची दुप्पट, बसलेली असते.

मी व्हायब्रेशनमधला तज्ज्ञ नाही, तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदलतील. पण माझ्या मते हॅमर टेस्टशिवाय जाडी वाढवणं म्हणजे पैसे जाळणं.

जाता जाता: फिल्टरचं वजन डिझेल भरलेलं धरा, कोरडं नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये मिमी-टन-सेकंद ही एककं घेतली असतील तर स्टीलची घनता ७.८५ ई मायनस ९. तिथे किलोवाली ई मायनस ६ पडली तर फ्रिक्वेन्सी बत्तीस पट खाली येते.

तडा वेल्डच्या कडेला आहे की बेंडच्या आतल्या त्रिज्येत, तेवढं लिहा.