नाकाच्या गावचा नकटा, आणि 'विनोदी हायकू'

प्रश्न असा आला आहे: "आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीत कोजागिरीला 'चिवड्यावर विनोदी हायकू' अशी स्पर्धा ठेवली आहे. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, हायकू विनोदी नसतोच, 'विनोदी हायकू' हा शब्दप्रयोगच चूक. दुसरे म्हणतात, 'तो हायकू' नव्हे, 'ती हायकू'. फलकावर काय लिहावं? आणि चिवडा हा शब्द 'चिवडणे'वरून आला ना? निवेदनात तेवढं सांगायचं आहे."

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. नाही, चिवडा 'चिवडणे'वरून आलेला नाही. दर दिवाळीला कुठला तरी निवेदक किंवा कुठली तरी पुरवणी हा शोध नव्याने लावते: वाटीत बोटं घालून, दाणे शोधत चिवडतात म्हणून चिवडा. याच न्यायाने भजी 'भजना'वरून आणि शेव 'सेवे'वरून काढता येईल. कृपा करून निवेदनात हे सांगू नका.

जरा उत्तरेकडे बघा. बिहारात संक्रांतीला दही-चूडा खातात, बंगालात चिंडे म्हणतात. ते म्हणजे आपले नुसते कोरडे पोहे. ना दाणे, ना डाळं, ना खोबऱ्याचे काप. तिथे चिवडून शोधायचं काय?

मूळ शब्द संस्कृत 'चिपिटक'. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'पृथुकः स्याच्चिपिटकः' असं म्हणून दोन्ही शब्द एकाच ओळीत बसवले आहेत. पृथुकाचे झाले पोहे, चिपिटकाचा झाला चिवडा. 'प'चा 'व' आणि 'ट'चा 'ड' कसा झाला, असं कोणी विचारलं तर 'कपाट'चं 'कवाड' दाखवा, दोन्ही बदल एकाच शब्दात मिळतील. शेवटच्या 'अक'चा 'आ' हवा असेल तर 'घोटक'चा 'घोडा' आहेच. म्हणजे आपण ज्याला पोह्यांचा चिवडा म्हणतो तो व्युत्पत्तीने चपट्यांचा चपटा. भिजवून, भाजून, कुटून चपटा केलेला तांदूळ, एवढाच दोन्ही शब्दांचा अर्थ. फोडणी, हळद, कढीपत्ता हा सगळा नंतरचा संसार. मक्याचा चिवडा आणि बटाट्याचा चिवडा तर त्याच्याही नंतरचे, त्यात तांदळाचा कणही उरला नाही. भागवतात सुदाम्याच्या बायकोने शेजारच्या ब्राह्मणांकडून मागून आणलेले चार मुठी 'पृथुकतण्डुल' आहेत. आपण त्यांना पोहे म्हणतो. चिवडा म्हटलं असतं तरी अमरसिंहाने हरकत घेतली नसती.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती आपल्या गावची आहे. हा 'चिपिट' शब्द पाणिनीने साधून दाखवला तो तांदळासाठी नाही. नाकासाठी! त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथातल्या पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात बसक्या नाकाची सूत्रं ओळीने आहेत. 31 वं सूत्र सुरूच होतं 'नते नासिकायाः' असं. त्यातून अवटीट, अवनाट, अवभ्रट असे शब्द निघतात, सगळे बसक्या नाकाचे. (भांडणात वापरायला उत्तम. समोरच्याला कळतही नाही.) मग 33 व्या सूत्रात येतात 'चिकिन' आणि 'चिपिट'. चिपिट म्हणजे चपट्या नाकाचा, आपल्या भाषेत नकटा. आता नाशिक कुठून आलं? नासिकेपासून. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, ही कथा इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. तेव्हा 'नाशिकचा चिवडा' म्हणजे नाकाच्या गावचा नकटा. एवढा मोठा विनोद दोन शब्दांत वर्षानुवर्षं पुड्यांवर छापला जातोय आणि आपण तो कांदा-लिंबू पिळून खातोय.

इथे लगेच कोणीतरी 'नवशिखा' काढणार. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नवशिख, त्याचं नाशिक. टेकड्या असतील नऊ, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण 'नवशिख'मधला 'व' गेला कुठे आणि 'ख'चा 'क' कोणी केला, याचं उत्तर या मंडळींनी कधी दिलेलं नाही. उलट पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्यं नगरम्' असं सरळ उदाहरण आहे आणि ते आलंय नासिका शब्दाच्याच चर्चेत. इसवीसनापूर्वीचा वैयाकरण गावाचं नाव नाकाशी जोडतोय. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहावरच्या शिलालेखातही 'नासिक' आहे, नऊ शिखरं नाहीत. तरी स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांतून नवशिखा हटत नाही. आकड्याची व्युत्पत्ती लोकांना पटकन आवडते, मोजता येते ना.

आणखी एक, हा माझा स्वतःचा तर्क आहे. जुन्या मापांतलं 'चिपटं', शेराचा चौथा हिस्सा, ते याच चिपिटाच्या घरातलं असावं. बसकं, बुटकं माप ते चिपटं. 'चिपटं-मापटं' हा जोडशब्द आता धान्याच्या दुकानातूनही गेला, आजीच्या बोलण्यात तेवढा सापडतो. कोशात असं दिलेलं नाही, असं मला एका प्राध्यापकांनी ठणकावून सांगितलं होतं. कोशात नसलेल्या गोष्टींवरच तर तर्क करायचा असतो. असलेल्या नुसत्या वाचायच्या.

असो. हायकू.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांना विचारा, हायकू विनोदी नसतो हे ठरवलं कोणी? शब्दाची फोड करा. 'कू' म्हणजे ओळ, चरण. आणि 'हाइ' आला 'हाइकाइ'मधून. हाइकाइ म्हणजे थट्टा, चाकोरीबाहेरचं बोलणं. त्यातलं 'हाइ' हे अक्षर जपानने चीनकडून घेतलं आणि तिकडे त्याचा अर्थ खेळ करून हसवणारा, विदूषक. आजही जपानीत नटाला 'हाइयू' म्हणतात, तोच हा 'हाइ'. म्हणजे हायकू म्हणजे मुळात विदूषकाची ओळ! इसवीसन 905 च्या सुमाराला बादशहाच्या आज्ञेने जे कवितासंकलन झालं, त्यातही गमतीच्या कवितांचा कप्पा वेगळा काढला आहे आणि त्याचं नाव हाइकाइच. पुढे साखळी-काव्यात एकाने पहिला तुकडा टाकायचा, दुसऱ्याने जोडायचा, हा खेळ रंगला. त्यातल्या पहिल्या तुकड्याला 'होक्कू' म्हणत. जपानी कवी बाशो, 1644 ते 1694, लिहीत होता ते होक्कू. पहिल्या तुकड्याला साखळीतून सोडवून त्याला 'हायकू' हे नाव रूढ केलं शिकी या कवीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. ज्याला आपण हायकूचा सम्राट म्हणतो त्याला हे नाव या अर्थाने माहीतही नव्हतं. आणि बाशो गंभीर होता म्हणावं, तर त्याच माणसाने पिसवा, उवा आणि उशाशी मुतणारा घोडा यांवरही लिहून ठेवलंय.

मराठीत हायकू गंभीर वाटतो त्याचं कारण वेगळं आहे. तो इथे रुजवला शिरीष पै यांनी, आणि त्यांच्याबरोबर आलं पान, पाऊस, पाखरू, एक हळवा क्षण. पुढच्यांनी तो हळवेपणा तेवढा उचलला. विडंबनाच्या बादशहाच्या, आचार्य अत्र्यांच्या मुलीने आणलेला काव्यप्रकार हसण्याला बंदी करतो असं मानणं हा मात्र भलताच विनोद आहे. त्याहून वाईट म्हणजे कुठलंही वाक्य दोनदा एंटर दाबून तोडलं की त्याला हायकू म्हणायची पद्धत. "तू / नाहीस / म्हणून" हा हायकू नव्हे, हा अर्धवट राहिलेला निरोप आहे.

आता 'विनोदी हायकू म्हणू नका, सेन्र्यू म्हणा' असं सांगणारे विद्वानही भेटतील. त्यांचं अर्धं खरं आहे. माणसाच्या स्वभावाची टिंगल करणाऱ्या सतरा मात्रांच्या कवितेला जपानीत सेन्र्यू म्हणतात खरं. पण ते एका माणसाचं नाव आहे, कराई सेन्र्यू, 1718 ते 1790. एडोतला, म्हणजे आजच्या तोक्योतला परीक्षक. लोक थोडी फी भरून ओळी पाठवत, हा निवडून बक्षिसं देई आणि निवडक ओळींचं पुस्तक 1765 पासून निघू लागलं. सेन्र्यू म्हणजे नदीकाठचं वाळुंजाचं झाड, आपल्याकडे वाळुंज आडनावच आहे. तेव्हा हट्टच असेल तर 'वाळुंजी' म्हणा, मी मत देईन. पण सोसायटीच्या फलकावर 'सेन्र्यू' लिहिलंत तर छापणारा त्याचं 'सेंद्रिय' करेल, आणि मग लोक खताचे नमुने घेऊन येतील.

खाण्यावर हायकू करणारे तुम्ही पहिले नाही. अमेरिकेत 'स्पॅम' नावाचं डुकराचं डबाबंद मांस 1937 साली बाजारात आलं. नव्वदच्या दशकात इंटरनेटवर लोकांनी त्या गुलाबी ठोकळ्यावर हजारोंनी हायकू पाडले. त्या डब्याला नाव सुचवून 100 डॉलरचं बक्षीस पटकावलं होतं कंपनीच्या एका उपाध्यक्षाच्या भावाने, आणि तो धंद्याने नट होता. नट म्हणजे हाइयू. बघा, 'हाइ' कुठे कुठे जाऊन पोचतो!

नियम एकच ठेवा: पाच, सात, पाच अक्षरं, जोडाक्षर एक धरायचं. जपानी मोजणी आपल्या मात्रेच्या जवळची आहे, पण सतरा मात्रा म्हणजे पादाकुलक या सोळा मात्रांच्या वृत्ताच्या ओळीपेक्षा जेमतेम एक जास्त, तेवढ्यात मराठी माणसाचं 'काय म्हणतो' सुद्धा आटपत नाही. स्पर्धकांना अंदाज यावा म्हणून हे घ्या, फुकट:

पाहुणे गेले
दाणे-काजू संपले
पोहे राहिले

आणि पुडीच्या शेवटाचा, जिथे मीठ-साखर उतरून बसते:

तळाशी फक्त
मीठ, हळद आणि
जळका दाणा

आणि मधुमेहवाल्यांसाठी:

रात्री बाराला
डब्याचं झाकण का
एवढं वाजे?

राहिलं लिंग. ऊकारान्त शब्द मराठीत तिन्ही घरांत नांदतात: तो लाडू, ती जळू, ते पाखरू. म्हणून शेवटाकडे बघून काही ठरत नाही, अनेकवचन करून बघा. स्त्रीलिंगी मानलात तर जळू-जळवा, सासू-सासवा, तशा 'हायकवा' होतील. नपुंसकलिंगी मानलात तर पाखरू-पाखरं, तशी 'हायकं'. दोन्ही तोंडात धरवत नाहीत. पुल्लिंगी मानलात तर एक लाडू, दहा लाडू, तसे एक हायकू, दहा हायकू. काही जण 'वस्तू' पुढे करतील, की ती स्त्रीलिंगी असून अनेकवचनात बदलत नाही. वस्तू संस्कृतातून आलेली, तिचे लाड वेगळे. आपल्याकडे बाहेरून आलेले चाकू, तंबू, काजू पुल्लिंगीच झाले, हायकूही त्यांच्याच पंगतीत बसेल. 'ती हायकू' लिहिणारे चांगले कवी आहेत हे मला माहीत आहे. चांगले कवी व्याकरणात चुकतात, त्यासाठीच त्यांना कवी होऊ देतात.

फलकावर लिहा: 'नाशिकच्या चिवड्यावर विनोदी हायकू. जास्तीत जास्त तीन हायकू पाठवावेत.' 'पाठवाव्यात' नाही. आणि त्या ज्येष्ठ सभासदांना परीक्षक करू नका.