वजन उतरवायला आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला ओट्स-सूपचा तक्ता जमत नाहीये. सवय व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही आकडा विचारलाय, म्हणून आधी आकडाच देते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना रोज एकच छोटी गोष्ट करायला सांगितली होती. कुणी दुपारच्या जेवणासोबत फळ खायचं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळून यायचं. 2010 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ही गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. मात्र कुणाचं 18 दिवसांत भागलं, तर कुणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. '21 दिवसांत सवय' हे जे जिथे-तिथे वाचायला मिळतं ते विसरा. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायची थांबत नाही, हेही त्यांना आढळलं. शनिवारी मिसळ खाल्ली आणि पंधरा दिवसांचं सगळं पाण्यात गेलं, असं तुम्ही लिहिलंय. काही गेलं नाही.

पण ती माणसं एका वेळी एकच गोष्ट बदलत होती. तुम्ही सकाळी दूध-ओट्स, दुपारी सॅलड आणि परतलेलं पनीर, चारला ग्रीन टी, रात्री सूप, असं सगळं एका सोमवारपासून सुरू केलंत. घरात सहा माणसं, त्यांचा स्वयंपाक तुम्हीच करता, नऊ ते सहा नोकरी, आणि घरी आल्यावर हात आपोआप फरसाणाच्या डब्यात जातो. वर सासूबाई म्हणतात, 'एवढी कुठे जाड आहेस?' यात मनोनिग्रह कमी पडला असं मला अजिबात वाटत नाही. दुसऱ्यांसाठी फोडणी घालायची आणि स्वतः बाजूला सूप प्यायचं, हे संन्याशालाही जमणार नाही.

मी आहारतज्ज्ञ नाही, शाळेत शिकवते. माहेर सोलापूरचं, सासर पुण्याचं, म्हणजे एकीकडे शेंगदाण्याची चटणी आणि दुसरीकडे साखर घातलेली आमटी. वजन उतरवलं आणि ते उतरलेलं राहिलंही, म्हणून लिहायचं धाडस करते. माझं मत एवढंच की घरात शिजतं तेच खा, फक्त ताटातल्या जागा बदला.

तुमच्या डब्यापासून बघा. चार कप्प्यांचा डबा असेल तर आपण सहसा भरतो तो असा: सगळ्यात मोठ्या पुडात पोळ्या, त्याहून लहानात भात, मग भाजी, आणि कोशिंबीर असलीच तर झाकणाएवढ्या जागेत. मोठं पूड भाजीला द्या आणि पोळ्या लहानात बसतील तेवढ्याच घ्या. मोजायचं काही नाही, भांडंच मोजतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा धरलाय. आपल्याकडे ताटात मीठ-लिंबाशेजारी चमचाभर कोशिंबीर वाढतात, ती शास्त्रापुरती. तीच वाटीभर घ्या, आणि जेवणाच्या सुरुवातीला खा. काकडी, गाजर, मुळा, कोबी, काहीही चालेल. दाण्याचं कूट मात्र हात आखडून.

भाकरीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरतं म्हणतात. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ यांच्यात उष्मांकाच्या बाबतीत फार फरक नाही, 100 ग्रॅमला दोन्हीकडे साडेतीनशेच्या आसपास. भाकरीला तेल लागत नाही, आणि एक खाल्ली की पोट भरल्यासारखं वाटतं, हे तिचे गुण खरेच. पण हातावर थापलेली चांगली भाकरी 60-70 ग्रॅम पिठाची असते आणि घरची पोळी 30 ग्रॅमची. तेव्हा दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी असा हिशेब ठेवा. दोनच्या जागी दोन भाकऱ्या खाऊन 'तरी वजन हलत नाही' म्हणणारे माझ्या माहेरी घरोघर आहेत. आणि सोलापूरची चटणी! शेंगदाणे म्हणजे 100 ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी. दोन चमचे भरून चटणी घेतली, वर तेल सोडलं, की अर्धी भाकरी जास्तीची खाल्ल्यासारखं होतं. मी ती सोडलेली नाही. चमचा लहान केला.

तुम्हाला संध्याकाळी जी भूक लागते तिचं मूळ दुपारच्या जेवणात आहे असं माझं ठाम मत आहे. सॅलड खाऊन चार तास काढणाऱ्या माणसाला सहा वाजता भडंग दिसलं तर तो भडंगच खाणार. प्रथिनं वाढवा. आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी त्यात डाळ जेमतेम मूठभर असते, त्यातून चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्यावर दुपार निघत नाही. घट्ट वरण, मोडाच्या मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठलं, दही, चालत असेल तर अंडं (एका अंड्यात सहा ग्रॅम), मासे. यातलं काही ना काही दोन्ही जेवणांत हवंच. पनीर वाईट नाही, पण रोज पनीर आणणं खिशालाही जड आणि घरच्यांच्या डोळ्यावरही येतं. उसळ सगळेच खातात.

एकदम सुरुवात करू नका मात्र. कडधान्यं आणि कच्च्या भाज्या एका आठवड्यात दुप्पट केल्या की पोट गुबारतं, गॅस होतो, आणि मग 'मला हे सोसत नाही' असं म्हणून माणूस परत जुन्या वाटेला लागतो. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चोथ्याची ओळख व्हायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. आधी मूग, मग मटकी, चवळी, आणि वाल-छोले सगळ्यात शेवटी. हिंग, आलं, भरपूर पाणी.

आता सहा वाजता. घरी आल्यावर चहा होईपर्यंतची ती दहा मिनिटंच घात करतात. त्या वेळी काय खायचं हे सकाळीच ठरलेलं आणि ओट्यावर दिसेल असं ठेवलेलं असावं. भाजलेले चणे-फुटाणे, उकडलेली मटकी कांदा-लिंबू घालून, एखादं फळ आणि ताक, किंवा सरळ लवकर जेवण. फरसाणाचा डबा फेकायची गरज नाही, घरात मुलं आहेत. तो वरच्या फळीवर, मागे, स्टीलच्या डब्यात. काचेच्या बरणीत ठेवलेला चिवडा आणि स्टीलच्या डब्यातला चिवडा यांत कमालीचा फरक असतो. दुकानात 'डाएट चिवडा' लिहिलेलं पाकीट मिळतं त्याच्यामागची बारीक अक्षरं एकदा वाचा, पुढे सांगायला नको. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर नुसत्या चहातून 35-40 ग्रॅम साखर जाते. साखर हळूहळू उतरवली की जीभ कुरकुर करत नाही, आणि काही आठवड्यांनी जुना चहा पाकासारखा लागतो.

तेलाचं गणित वाण्याच्या यादीवरून करा. तेल कुठलंही असो, घाण्याचं असो की डब्यातलं, एका ग्रॅममागे नऊ कॅलरी. पोळी-भातातल्या पिठूळाला चार. पोह्याच्या मोठ्या चमचाभर तेलात एका पोळीहून थोड्या जास्तच कॅलरी असतात, आणि आपण फोडणीला पळीने तेल घेतो. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 कॅलरीच्या आहाराला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप दिलंय. म्हणजे महिन्याला माणशी लिटरला थोडं कमी, तूप आणि बाहेरचं खाणं धरून. तुम्ही सहाजण आहात, तेव्हा पाच लिटरच्या फार पुढे यादी जाऊ नये. जात असेल तर पळी काढून चमचा ठेवा. हा बदल सगळ्यांच्याच ताटात होतो, कुणाला कळतही नाही, आणि वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. वांग्याची भाजी तेवढी तक्रार करेल.

सासूबाईंचं बोलणं मनावर घेऊ नका, पण शास्त्र तुमच्या बाजूने आहे हे ठाऊक असू द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, अगदी तंतोतंत सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. आपण भारतीय वरून बारीक दिसूनही आतून, विशेषतः पोटाशी, चरबी साठवतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि बाईची कंबर 80 सेंटीमीटर, पुरुषाची 90 च्या आत असावी म्हणतात. शिवणाची टेप घरात असतेच.

आग्रहाचं काय करायचं? 'डाएट' हा शब्द घरात काढूच नका. तो काढला की वाद होतो, आणि नणंदेपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीकडे एक दीक्षित नाहीतर एक दिवेकर निघतात. एक म्हणणार दिवसातून दोनदाच जेव, दुसरी म्हणणार दर दोन तासांनी खा. दोन्ही वाटांनी बारीक झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन्ही वाटा सोडून दिलेलीही. 'रात्री जड खाल्लं की पित्त होतं' म्हणा, सासूबाई स्वतः आल्याचा तुकडा आणून देतील. वाढायचं काम स्वतःकडे ठेवा, वाढणारीला कुणी आग्रह करत नाही. हळदीकुंकवाला आणि लग्नाला जा, जिलबी खा, एक खा, मठ्ठा हवा तेवढा घ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी उपाशी राहून 'जागा करणं' मात्र नको, त्याने माणूस पंगतीत दुप्पट जेवतो. उपासाचंही तेच, एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, प्रथिनं नावालाही नाहीत, आणि त्यावर कूट, तूप, बटाटा. उपास करायचाच असेल तर भगर-आमटी, ताक, राजगिरा, फळं यांवर करा.

पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं आणि आता काटा अडकलाय, हेही तुम्ही लिहिलंय. त्या दीड किलोत पाणीच जास्त होतं. शरीरात साठवलेल्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी बांधलेलं असतं, खाणं कमी झालं की आधी ते जातं. म्हणून मिसळीनंतर काटा किलोभर वर गेला तर तीही चरबी नव्हे. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती आहे. दीड किलोच्या पुढे सतत उतरायला लागलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तेव्हा मैत्रिणीचं महिन्यात आठ किलो ऐकून हळहळू नका. आठवड्यातून एकाच वारी, सकाळी, काटा बघा, आणि पाळीच्या आधीचे दिवस त्यातून वगळा.

घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल आणि तुमच्याबरोबर जेवण कमी करायला लागलं, तर आधी डॉक्टरांना विचारून औषधाचं प्रमाण बघून घ्यायला सांगा. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तुम्हालाही चक्कर, केस गळणं, पाळी पुढे-मागे होणं असं काही जाणवलं तर थांबा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे परत जा, पैसे दिलेच आहेत. तक्ता पाळला नाही म्हणून लाजायचं कारण नाही, घरच्या जेवणावर बेतून नवा मागा. जाताना तीन दिवस पोटात खरोखर जे गेलं ते लिहून न्या. आमटीची चव बघताना प्यायलेली वाटी आणि मुलांच्या ताटात उरलेला, 'टाकवत नाही' म्हणून संपवलेला वरणभात, दोन्ही त्यात लिहा.