बटण सहावर, तरी दारातले दूध नासते

प्रश्न : आमच्या एका खोलीच्या घरात एका दाराचा लहान फ्रिज आहे. आतले बटण १ ते ७ आकड्यांचे असून, उन्हाळा लागल्यापासून आम्ही ते ६ वर ठेवले आहे. तरीही फ्रीझरखालच्या ट्रेमधील कोथिंबीर गोठून काळी पडते आणि दारात ठेवलेले दूध मात्र दुसऱ्या दिवशी नासते. बटण वाढवावे की कमी करावे?
– एक वाचक, परळ

उत्तर : कमी करावे, तूर्त ४ वर आणावे. मात्र नुसते बटण फिरवून आपले दूध टिकणार नाही.

बटणावरचे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आकडा वाढवला की फ्रिज झटपट गार होतो, हा समज अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो आणि किती गारवा आल्यावर त्याने थांबायचे, एवढेच बटण ठरवते. तो जास्त वेळ चालल्याने झालेली थंडी कोणत्या कप्प्यात पोहोचावी, यावर बटणाचे काही चालत नाही. अशा फ्रिजमध्ये बहुधा पंखा नसतो. फ्रीझरपाशी गार झालेली हवा जड होऊन आपोआप खाली उतरते व खालची उबदार हवा वर चढते. आपल्याकडे जाळीच्या फळ्यांवर प्लॅस्टिकच्या नक्षीदार मॅट अंथरण्याची हौस असते. त्यांवर भाताचे पातेले, आमटीचे भांडे आणि इडलीच्या पिठाचा डबा खेटून ठेवला, की उतरणाऱ्या हवेची वाटच बुजते. मग ६ आकड्याची सारी थंडी वरच्या ट्रेमधल्या कोथिंबिरीवर खर्च होते. सांडलेले पुसायला सोयीच्या असल्या तरी या मॅट काढून टाकाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दूध दारात ठेवू नये. दार प्रत्येक वेळी बाहेरच्या हवेत येते, त्यामुळे फ्रिजमधली ती सर्वांत उबदार जागा असते. तेथे लोणची आणि सॉसच्या बाटल्या बऱ्या. दुधाचे भांडे मागच्या बाजूला, वरच्या फळीवर ठेवावे.

बटण बदलल्यावर २४ तास थांबून मगच निष्कर्ष काढावा. फ्रिजसाठी मिळणारा लहान थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा व सकाळी दार उघडताक्षणी वाचावा. (तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे.) ३ ते ५ अंश दिसले, तर बटण तेथेच राहू द्यावे, ५ च्या वर दिसले, तर एकच आकडा वाढवून पुन्हा दिवसभर थांबावे.

मुंबईत थंडी-उन्हाळ्यातला फरक नागपूरइतका तीव्र नसल्याने ऋतुगणिक बटणाशी फार खेळावे लागत नाही. येथे खरा त्रास दमट हवेचा आहे. दार उघडले की बाष्प आत शिरते आणि फ्रीझरवर बर्फ होऊन बसते. हा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला, की थंडी खाली यायला अडथळा होतो. तेव्हा डीफ्रॉस्टचे बटण दाबावे, सुरीने बर्फ खरवडू नये. थर फारच लवकर साचत असेल, तर दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावावे व तो ओढून पाहावा. कागद सहज निसटून आला, तर आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसावे आणि तरीही फरक पडला नाही, तरच ते बदलून घ्यावे.