सागाची पानं जाळीदार झाली, फवारणी करू का?

फोटो पाठवून तुम्ही विचारलंय: दापोलीकडची सहा वर्षांची सागाची लागवड, सप्टेंबरअखेर पानांची जाळी झालेली आणि दुकानदार म्हणतो लगेच फवारा मारा. माझं स्पष्ट मत, मारू नका.

सागावर पानं खाणाऱ्या अळ्या मुख्यतः दोन. तुमच्या फोटोत पानाच्या सगळ्या शिरा शाबूत आहेत, मधला हिरवा भाग तेवढा गेलाय. हे काम युटेक्टोना मॅकेरॅलिस या अळीचं. ती पावसाळा सरताना वाढते. तोवर पान जून झालेलं असतं, थोड्या महिन्यांत गळणारच असतं. झाडाचं फारसं काही बिघडत नाही.

खरी काळजी दुसरीची, हिब्लिया प्युएरा. पावसाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी फुटली की ती येते, आणि झुंडीनं येते. पानाच्या कडेला चीर पाडते, तो तुकडा रेशमी धाग्यानं दुमडते आणि आत दडून राहते. जाड शिरा सोडून पान फस्त करते. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं. म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण नुकसान बुंध्यात होतं. केरळच्या वनसंशोधन संस्थेनं निलंबूरला कोवळ्या सागावर पाच वर्षं प्रयोग केला. अळीपासून राखलेल्या झाडांत हेक्टरी वर्षाला 6.7 घनमीटर लाकूड भरलं, न राखलेल्यांत 3.7. म्हणजे 44 टक्के वाढ अळीनं खाल्ली! त्याच प्रयोगात जाळी करणाऱ्या अळीमुळे लक्षात येण्यासारखी घट दिसली नाही.

तेव्हा पैसे आणि मेहनत जूनसाठी राखून ठेवा. पालवी फुटल्यावर दर दोन-तीन दिवसांनी बागेत फिरा, पानांच्या दुमडलेल्या कडा उलगडून बघा. अळ्या बारीक असतानाच, हाताला पोचेल तेवढ्या झाडांवर बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून बनवलेल्या जैविक औषधाची) फवारणी करा, तीही संध्याकाळी, कारण उन्हात तिचा जोर लवकर ओसरतो. अळ्या मोठ्या होऊन धाग्यावरून खाली पालापाचोळ्यात कोषात जायला लागल्या की औषध वाया. एखादी अळी डोकं खाली करून लोंबकळत मेलेली, आतून पातळ झालेली दिसली तर ती विषाणूनं मेली आहे. तिला हात लावू नका, तो रोग इतर अळ्यांत पसरू द्या. उंच झाडांवर रासायनिक औषधाचा मारा केलात तर अळ्या टिपणारे कोळी आणि परोपजीवी माश्याच आधी मरतील.

बांधावरच्या महोगनीचे शेंडे सुकतायत असंही तुम्ही विचारलंय, ते वेगळं प्रकरण, शेंडा पोखरणारी अळी. सुकलेला शेंडा अळीसकट छाटून जाळा. खालून धुमारे फुटतील त्यातला सरळ एकच ठेवा.