कपाट भरलेलं आहे, तरी रोज तेच तीन शर्ट. कपडे मार्गी लावायला सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 43, नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात अर्धा दिवस टेबलावर आणि अर्धा शॉपवर (जिथे मशीन चालतात तिथे), कपाटात तीसेक शर्ट पण घालण्याजोगे तीन, हातात 8,000 रुपये, आणि घरच्यांचा आग्रह की सगळं काढून टाका आणि एकदाचं नवं घ्या.

आधी एक मोजणी करा. शर्ट नका मोजू, पँटी मोजा. त्याही आज, या क्षणी, श्वास न रोखता हूक लागतो आणि बसल्यावर पोटाला कापत नाहीत अशाच. बहुतेक कपाटांत हा आकडा दोन-तीनच्या पुढे जात नाही. शर्ट वाढदिवसाला येतात, दिवाळीला येतात, ‘सेल होता’ म्हणूनही येतात. तयार पँट मात्र कोणी भेट देत नाही, कारण कमरेचं माप माहीत असावं लागतं. तुमचे ते तीन शर्ट म्हणजे बहुधा त्या दोन पँटींवर जाणारे तीन शर्ट आहेत. म्हणून माझं मत: पैसे आधी टेलरकडे, मग पँटींवर, आणि नव्या शर्टांवर सगळ्यात शेवटी.

सुट्टीच्या दिवशी सकाळी उजेडात बसा, तीन तास धरा. टेप, दहा-बारा सेफ्टी पिना, टेलरचा खडू (नसेल तर साबणाची वाळलेली चिपटी) आणि रोज घालता ते बूट जवळ ठेवा. सगळं एकदम पलंगावर काढा, माळ्यावरची बॅगसुद्धा. एकेक कप्पा करून आवरलं तर आपल्याकडे आकाशी चौकडीचे पाच शर्ट आहेत हे कधी कळतच नाही.

पहिल्यांदा स्वतःचं माप लिहून काढा. छाती काखेखालून, टेप आडवा, आत एक बोट जाईल इतका सैल. कंबर दोन ठिकाणी: बेंबीच्या रेषेत, आणि आता जिथे पट्टा बांधता तिथे. पोट असलेल्या माणसाच्या या दोन मापांत दोन ते चार इंचांचा फरक सहज निघतो, आणि पँटींचं सगळं दुखणं त्याच फरकात असतं. पोटाखाली पट्टा आवळून 34 ची पँट ‘बसते’ म्हणायची, मग सीट खाली लोंबते, तळाशी कापडाच्या चुण्या पडतात आणि दर दहा मिनिटांनी पँट वर ओढावी लागते. कमरेवर, म्हणजे बेंबीच्या दोन बोटं खाली, बसणारी 36 किंवा 38 ची पँट घेतली की पोट उलट कमी दिसतं. आकड्याची लाज बाळगायचं कारण नाही, तो आतल्या बाजूला छापलेला असतो.

आता शर्ट एकेक करून घाला. हँगरवर धरून ठरवायचं नाही. सगळी बटणं लावा आणि चार गोष्टी बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. अर्धा इंच इकडेतिकडे चालतं, पण इंचभर दंडावर उतरली असेल तर शर्ट बाद, कारण खांदा आत घ्यायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा (बाही जोडायचा गोल काप) नव्याने कापावा लागतो आणि ते काम शर्टाच्या किमतीला परवडत नाही. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जावीत. मग खुर्चीत बसा: पोटावर बटणांच्या मध्ये फट उघडून बनियन दिसत असेल तर तोही गेला. रेडिमेड शर्टाच्या बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, जेमतेम सेंटीमीटरभर असते आणि तीही दुहेरी टिपेत दुमडून टाकलेली, त्यामुळे सैल करायला कापडच नसतं. शेवटी गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठीत ओढ बसली किंवा बाही मनगटाच्या हाडापासून दोन इंच मागे पळाली, तर तो शर्ट तुम्ही घरातून निघेपर्यंतच बरा दिसणार.

सैल शर्टाची गोष्ट वेगळी. बाजूंनी मिळून तीन-चार इंच घेर आरामात आत घेता येतो. त्याहून जास्त घेतला तर खिसा काखेकडे सरकतो आणि मुंढा मात्र तेवढाच ढगळ राहतो. पिना लावून मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढा. आरशात आपण नकळत पोट आत घेतो, फोटो पुसट आला तरी खरं सांगतो.

पँटींना टेलर जास्त मदत करू शकतो. शिवून घेतलेल्या टेरिकॉटच्या (पॉलिस्टर-कॉटन मिश्र कापडाच्या) पँटीत मागच्या मधल्या शिवणीला साधारण एक ते दीड इंच माया असते, उलटी करून बघा. रेडिमेड फॉर्मलमध्ये ती कमी, जीन्समध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे जुनी 36 ची शिवलेली पँट 37–38 पर्यंत जाऊ शकते. पण एक गोम आहे: पँट बरीच धुतलेली असेल तर उसवल्यावर आतला न विटलेला पट्टा मागे गडद दिसतो आणि जुन्या टिपेची भोकंही राहतात. करड्या-मातकट रंगात हे खपतं, नेव्ही आणि काळ्यात खपत नाही. उलट बाजूने, कंबर दोन इंचांपेक्षा जास्त आत घेऊ नका, मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला लागतात.

मोहरी, म्हणजे पँटीच्या पायाचा खालचा घेर, हा दुर्लक्षित भाग. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पँटींची मोहरी 17–18 इंच गोलाई निघेल. बरी पँट निव्वळ त्यामुळे जुनाट वाटते. 14 ते 15 इंच करून घ्या, गुडघ्यापासून खाली निमुळती. 13 च्या आत जायच्या भानगडीत पडू नका, पोटाखाली बारीक पाय दिसून वरचा भाग आणखी मोठा वाटतो. लांबी बूट घालूनच मापायची: पँट बुटावर एकदा हलकी मोडावी, बस्स. कॉटनची नवी पँट आधी एकदा धुवा, मग कापा. पहिल्या धुण्यात ती तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे 40 इंचांत इंच-दोन इंच जातात. जीन्स कापताना ‘ओरिजिनल पट्टी परत लावा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर साधी दुमडपट्टी मारून मिळते आणि लगेच ओळखू येते.

टेलरकडे पाच-सहा कपड्यांचा गठ्ठा एकदम नेऊ नका. एक शर्ट, एक पँट द्या, घालून बघा, मग बाकीचे. सोबत तुम्हाला सगळ्यात चांगला बसणारा एक कपडा नमुना म्हणून न्या; ‘जरा फिट करा’ या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येक मास्तर वेगळा लावतो. वेळही बघा. दिवाळीआधीचा महिना आणि लग्नसराई टाळा. पितृपक्षात नवं कापड कोणी घेत नाही, तेव्हा मास्तरांना उसंत असते आणि अल्टरचं काम मनापासून होतं.

पलंगावर ढीग चारच ठेवा: चालू, टेलरकडे, घरात, आणि जाणारे. यातला ‘घरात घालीन’ हा ढीग फसवा आहे. कडक कॉलरचा ऑफिसचा शर्ट घरात कोणी घालत नाही, तो फक्त कप्पा बदलतो. तिथे तीन नगांची मर्यादा घाला. ‘पोट कमी झालं की घालीन’ यासाठी दोन नग, त्यांच्या आतल्या पट्टीवर आजची तारीख लिहून.

टाकायच्या आधी डाग मात्र तपासा. काखेतला पिवळेपणा बहुतेकदा डिओचा असतो. घाम रोखणाऱ्या डिओतले अॅल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून तो बसतो. ब्लीच लावलं की तो आणखी पिवळा होतो. दोन चमचे खायच्या सोड्याची ओली पेस्ट अर्धा तास लावून चोळा, मग धुवा, आणि निघेपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने डाग पक्का होतो. जागा कडक पुठ्ठ्यासारखी झाली असेल तर नाद सोडा. कॉलर घडीवर विरली असेल आणि बाकी शर्ट धड असेल, तर कॉलर उलटून लावता येते. जुने मास्तर हे काम आनंदाने करतात, नवे तोंड वाकडं करतात. टेरिकॉट पँटीवर सीटला आणि खिशांवर चकाकी आली असेल तर ती जात नाही, सुलट बाजूने गरम इस्त्री फिरून तंतू दबलेले असतात. पुढच्या पँटींसाठी इस्त्रीवाल्याला उलटी करून मारायला सांगा.

आता तुमच्या कपाटातला खरा खजिना: आहेरातले पीस. प्रत्येक नाशिककर घरात डब्यासकट पडलेले दोन-चार शर्ट-पँट पीस असतातच. बाजारात जाण्याआधी ते उघडा. उजेडासमोर धरून घडीच्या रेषा बघा, तिथे रंग उडालेला असेल किंवा दोन्ही हातांनी ताणल्यावर कापड चरचरत असेल तर शिवू नका, शिलाई वाया जाईल. धड असेल तर टेप लावा. पन्हा (कापडाची रुंदी) 58 इंच असेल तर पँट सव्वा मीटरमध्ये होते, 40 च्या पुढे कंबर किंवा उंची जास्त असेल तर दीडच्या जवळ लागतं, आणि आहेरातला पीस हमखास 1.20 वर थांबलेला असतो. पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 पन्ह्यात 1.60 आणि 36 पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर. मोठी चौकडी असेल तर जुळवायला दहा-पंधरा सेंटीमीटर वर. कॉटन रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच द्या. पँट शिवताना ‘मागे दीड इंच माया ठेवा’ हे सांगायचं. पाच वर्षांनी स्वतःलाच दुवा द्याल.

8,000 चा हिशेब मी असा लावेन: दीड हजार अल्टर आणि दुरुस्तीला, साडेतीन हजारांत दोन-तीन पँटी (घरचे पीस निघाले तर फक्त शिलाई), हजार-दीड हजार पट्टा, मोजे आणि बनियनसाठी, उरले त्यात दोन शर्ट. तेही महिनाभराने घ्या. तेवढ्यात कळतं की खरं काय कमी पडतंय.

चार पँटी पुरतात: नेव्ही, गडद करडी, बिस्किटी, आणि शॉपवर जायला मातकट हिरवी किंवा कॉफी रंगाची, जिच्यावर तेलाचा डाग चारचौघांत उठून दिसत नाही. पावसाळ्यासाठी पाचवी टेरिकॉटचीच ठेवा. जुलैमध्ये जाड कॉटन आणि जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाहीत. काळी मी यादीत धरत नाही. ती लवकर विटते, धूळ दाखवते, आणि पांढऱ्या शर्टावर घातली की माणूस कोर्टातून आला किंवा पंगतीत वाढायला आला एवढेच दोन पर्याय उरतात. शर्ट निवडताना कसोटी एकच, या चारपैकी तीन पँटींवर तो गेला पाहिजे. पलंगावर प्रत्यक्ष जोड्या लावून बघा.

शॉपचं म्हणाल तर जिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे कॉटन घाला. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तर शिवणीच्या आतला एक धागा काढून घरी जाळून बघा: कॉटन कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टरची कडक गोळी बनते. आणि फिरत्या मशीनजवळ बाही उघडी लोंबती नको. कफचं बटण लावा, नाहीतर अर्ध्या बाहीचा शर्ट घाला.

शालिमार-मेन रोडला जा की कॉलेज रोडला, घालून न बघता घेऊ नका. फॉर्मल शर्टावरचे 39, 40, 42 हे आकडे सहसा कॉलरचे सेंटीमीटर असतात, छातीचे इंच नव्हेत. ऑनलाइन घेताना एम-एल-एक्सएल विसरा. तुमचा सगळ्यात चांगला शर्ट सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत मापा आणि दुप्पट करा. छाती 40 असेल तर शर्टाची गोलाई 43–44 यावी. 47 झाली की फुगा.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, फिकट करडं किंवा कातडीच्या रंगाचं दिसत नाही. थंडीसाठी एक बिनबाह्यांचं स्वेटर आणि गाडीवर वारा अडवणारं एक जॅकेट, एवढंच. दोन-अडीच महिन्यांच्या गारठ्यासाठी याहून जास्त जागा अडवू नका.

परत लावताना कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या बाजूने कपाटात येते आणि आधी चामड्याच्या पट्ट्यावर, मग गडद कपड्यांवर बुरशी धरते. डांबरगोळ्या कपड्यांवर थेट टाकू नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा.

जाणाऱ्या ढिगातलं कॉटन गोधडीसाठी वेगळं काढा. टेरिकॉट गोधडीत बोचतं आणि गाडी पुसायलाही कामाचं नाही, पाणी शोषत नाही. चेन चालू असलेल्या पँटी आणि धड शर्ट बोहारणीला द्या किंवा कोणाला वापरायला. देण्याआधी सगळे खिसे तपासा, छोटा आतला खिसासुद्धा. आणि फाटक्या शर्टांची बटणं कापून डबीत ठेवा, टेलरकडे त्याच मापाचं बटण ऐनवेळी कधी मिळत नाही.